हातात अभंग येतोय तर येऊ दे की

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांचा, पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्याच वाढदिवसाला अकूस्टिक गिटार घेतली, सहा महिने क्लास केला, मग शिफ्टमुळे सुटला. तोवर नेहमीची हिंदी गाणी चार कॉर्डवर वाजवत होतो आणि खूष होतो. मग एकदा ऑफिसमधल्या मित्राच्या गाडीत त्र्यंबकला जाताना जॅझ गिटारवाला वेस माँटगोमेरी ऐकला आणि डोकंच फिरलं, तेव्हापासून दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. पण वाजवायला बसलो की सगळा गोंधळ. एका ग्रुपवर विचारलं तर म्हणे अकूस्टिकवर जॅझ होतच नाही, आधी साठ-सत्तर हजारांची हॉलोबॉडी (पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार) घे. कॉर्डच्या नावांत आकडेच आकडे. बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायची) अजून नीट बसत नाही, बोटं आखडतात. पण खरं दुखणं वेगळंच आहे. माझे वडील पंचवटीत भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात, घरात लहानपणापासून भीमपलासातले अभंग. आता मी काहीही सुचेल ते वाजवायला गेलो की चौथ्या सेकंदाला हात अभंगात शिरतो. क्लासचे सर तेव्हा म्हणाले होते, तुझ्या गिटारला भजनाचा वास येतो, तो आधी घालव. मित्रांसमोर वाजवलं तर तेही हसले. मग वेसचे तुकडे पाठ करायला घेतले तर ते म्हणजे नुसती नक्कल. म्हणजे एकीकडे वडिलांची कॉपी, दुसरीकडे वेसची कॉपी, माझं स्वतःचं काहीच नाही. वडील ७४ वर्षांचे आहेत, ऐकतात आणि म्हणतात, अरे पण ह्यात सा कुठंय? बायको म्हणते, नक्की कुणासाठी वाजवताय? पोरगा १५ वर्षांचा, मोबाइलवर बघून माझ्यापेक्षा फास्ट वाजवतो. ह्या वयात हे सोडून द्यावं का?
— पाथर्डी फाट्यावरचा अर्धा गिटारवाला"

अरे अर्ध्या गिटारवाल्या, ताई म्हटलंयस म्हणून अरे-तुरे करते, रागावू नको. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, कारण तू जे दुखणं म्हणून लिहिलंयस ते ज्याच्याकडे नाही असे गिटारवाले मी किती बघितलेत म्हणून सांगू, कॉलेज रोडला कुठल्याही कॅफेत जाऊन बस, तासाभरात एक भेटेल, बोटं भन्नाट पळतात आणि ऐकून घरी आलास की एक ओळ लक्षात राहत नाही. तुझ्या हातात निदान काहीतरी आपोआप येतंय.

पण आधी ते हॉलोबॉडीचं मिटवून टाकू, कारण ते सोपं आहे. जॅझमध्ये गिटार आली ती अकूस्टिकच आली. वीजवाली गिटार लोकांच्या कानावर खऱ्या अर्थानं पडली ती १९३९ नंतर, चार्ली ख्रिश्चन नावाचा पोरगा बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला तेव्हा. त्याच्या आधी जवळपास सगळं लाकूड आणि तार. जँगो राइनहार्टचं नाव ऐकलं असशीलच, पॅरिसचा, १९३४ साली त्यानं व्हायोलिनवाल्या स्तेफान ग्रापेलीबरोबर जो ताफा उभा केला त्यात ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, नुसत्या गिटारी, व्हायोलिन आणि डबल बास. सगळं अकूस्टिक. आणि बोटं आखडतात म्हणालास म्हणून सांगते, ह्या जँगोचा डावा हात १९२८ च्या आगीत भाजला होता, अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी, सोलो वाजवायचा तो उरलेल्या दोन बोटांवर. आता हे ऐकून "मग मी काय रडतोय" असं स्वतःला टोचून घेऊ नको, त्यासाठी नाही सांगत, एवढंच सांगते की कमी बोटांचा जॅझ हा काही कमअस्सल जॅझ नसतो.

दुसरा माणूस फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात १९३७ ला बसला तो १९८७ ला गेला तेव्हाच उठला, पन्नास वर्षं, अकूस्टिक गिटार घेऊन. सोलो जवळपास नाहीच. चार मात्रा, चार ठोके, छक छक छक छक. इतके सगळे ट्रम्पेट-सॅक्सोफोन आजूबाजूला असताना तो वेगळा ऐकू येत नाही पण तो थांबला तर सगळा डोलारा बसेल. तुझ्या गिटारीला हे फार छान जमेल कारण अकूस्टिकचा सूर लवकर विझतो, लांब धरून ठेवायला गेलास तर पंचाईत, पण तोडून वाजवायचं असेल तर तीच तिची ताकद आहे. कॉर्ड दाबायची, वाजली की डाव्या हाताची बोटं किंचित सैल, तारेवरून उचलायची नाहीत, नुसता दाब काढायचा.

तेव्हा साठ हजार राहू दे बँकेत. दोन कामं मात्र कर. एक, गिटार एखाद्या चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन सेटअप करून घे. स्वस्तातल्या नव्या गिटारींच्या तारा फ्रेटपासून (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) बऱ्याच उंच असतात, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असलं तर ठीक, तुझ्याकडे चारच्या जवळ असणार असा माझा अंदाज आहे, आणि मग माणूस स्वतःच्या बोटांना शिव्या देत बसतो. दोन, तारा बाराच्या असतील तर अकराच्या, म्हणजे जरा बारीक, लाव, फरक पहिल्याच दिवशी कळेल. आणि वेससारखा गोल आवाज पाहिजे ना, तर पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) ठेवून दे बाजूला, अंगठ्याच्या मांसल भागानं वाजव, आणि भोकावर वाजवू नकोस, थोडं पुढं, जिथं गळा संपतो तिथं. वेस अंगठ्यानंच वाजवायचा. का तर दिवसभर फॅक्टरीत काम, घरी येऊन रियाज, आणि पिकच्या आवाजानं शेजारपाजारच्यांना त्रास. तू अंबडहून सुटून फ्लॅटमध्ये रात्री दहाला गिटार काढणार, तुझा आणि त्याचा प्रॉब्लेम अगदी एकच आहे बघ.

आता बार कॉर्ड. सोड. खरंच सोड काही महिने. मला गिटार शिकवली ती देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या अंकलनी, रेल्वेतून रिटायर झालेले, माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते आणि ह्या अंकलशी त्यांची कुठून ओळख कोण जाणे, पण मी दर रविवारी सायकलवर जायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी तीन तारांच्या कॉर्ड दिल्या आणि सहा तारांच्या कॉर्डला हात लावू नको म्हणाले. तेव्हा वाटलं मुलगी म्हणून सोपं देतायत. नंतर कळलं की अख्खं जॅझ ह्या तीन तारांवर उभं राहतं. आता ह्या तुला लिहून देते, कागदावर उतरव (सहावी तार सगळ्यात जाड, आणि घर म्हणजे दोन फ्रेटमधली जागा):

डी मायनर सेव्हन — पाचवी तार पाचवं घर, चौथी तार तिसरं घर, तिसरी तार पाचवं घर.
जी सेव्हन — सहावी तार तिसरं घर, चौथी तार तिसरं घर, तिसरी तार चौथं घर.
सी मेजर सेव्हन — पाचवी तार तिसरं घर, चौथी तार दुसरं घर, तिसरी तार चौथं घर.

बाकीच्या तारांना हात लावायचा नाही, त्या वाजता कामा नयेत. आता ह्या तीन एकामागून एक वाजव आणि चौथ्या आणि तिसऱ्या तारेकडे नीट बघ. पहिलीतून दुसरीत जाताना चौथी तार हललीच नाही, तिसरी तार एक घर मागं आली. दुसरीतून तिसरीत जाताना तिसरी तार जागच्या जागी, आता चौथी एक घर मागं. म्हणजे एका वेळी एकच सूर एकच घर सरकतो. आणि हे तुझ्या घरच्या भाषेत लिहू का? सी ला सा धरलास तर आधी सा चा नी होतो, मग म चा ग होतो. बस. ज्याला पुस्तकात दोन-पाच-एक म्हणतात आणि ज्याच्यावर निम्म्याहून जास्त जॅझची गाणी चालतात ते एवढंच आहे, सा वरून नी वर आणि म वरून ग वर उतरणं. पेटीवाल्याच्या पोराला ह्यात काय अवघड आहे? ते आकडे बघून घाबरलास तू, कान वापरला असतास तर ओळखलं असतंस.

बरं आता मूळ दुखण्याकडे.

भजनाचा वास. मला त्या सरांबद्दल काही म्हणायचं नाही, असतील चांगले, पण हे वाक्य मी पण ऐकलेलं आहे. माझं वय तेव्हा पस्तीसच्या आसपास, पुण्यात एका घरगुती बैठकीत वाजवलं आणि एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ म्हणाले, बाई, तुमच्या उजव्या हातात ढोलकी आहे हो. आता आहे तर आहे, लहानपणी गल्लीतल्या गणपतीपुढं दहा दिवस काय ऐकलं मी, तेच ऐकलं. पण मी इतकी खजील झाले की पुढची दोन वर्षं ती ढोलकी काढून टाकण्यात घालवली, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून अगदी सपाट, कुठं झोल नाही, कुठं लचक नाही. आणि काढली. मग मला स्वतःलाच माझं वाजवणं ऐकवेना. परत यायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि पूर्ण आलं असंही नाही.

म्हणून तुला ठासून सांगते, घालवू नकोस. वर ह्यातली गंमत अशी की तुझ्या हातात जे येतंय ते जॅझच्या बाहेरचं नाहीचये मुळी. भीमपलासाचा आरोह म्हण बरं, नी सा ग म प नी सां, ग आणि नी कोमल. रे नाही ध नाही. हे पाच सूर गिटारवर वाजव, डी ला सा धरून. ओळखलंस? जगातल्या प्रत्येक गिटार क्लासमध्ये पहिल्या महिन्यात जो मायनर पेंटाटॉनिकचा डबा शिकवतात, ज्याच्यावर ब्लूजवाले आयुष्य काढतात, तोच आहे हा, सूर न् सूर तोच. आणि उतरताना भीमपलासात रे ध शुद्ध येतात ना, सां नी ध प म ग रे सा, ते सगळे मिळून झाला काफी थाट, आणि काफीच्या सुरांना जॅझवाले डोरियन म्हणतात.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड लाव, त्यातली पहिलीच चीज, 'सो व्हॉट'. ती वडिलांना घेऊन बसून ऐक. आणि ते म्हणतील सा कुठंय, तेव्हा त्यांना सांग की अप्पा (किंवा जे काय म्हणत असशील ते), पांढरी दोन धरा. सुरुवातीला थोडं इकडचं तिकडचं वाजतं, मग बासवाला बोलायला लागतो, तिथून मोज. ८ आवर्तनं चार-चार मात्रांची, मग परत तीच ८, सा पांढरी दोनवर, काफीचे सूर. मग एकदम अख्खा काफी अर्धा सूर वर चढतो, सा काळी दोनवर, ८ आवर्तनं. मग परत खाली पांढरी दोनवर शेवटची ८. झाली ३२, पुन्हा पहिल्यापासून. वडिलांना पेटीवर नुसता सा धरून ठेवायला सांग आणि बदलला की बदलायला सांग. चाळीस वर्षं पेटी वाजवणारा माणूस दुसऱ्या फेरीत पकडेल, माझी पैज.

त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये बरं का, उलट तोच खरा प्रश्न आहे. आपल्याकडे सा एकदा तानपुऱ्यात लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, आणि जॅझमध्ये कधी कधी तो दर चार मात्रांना घर बदलतो, भाडेकरूसारखा. त्यामुळं आपल्या कानाला पहिल्यांदा ते सगळं तरंगल्यासारखं वाटतं. 'सो व्हॉट'मध्ये तो फक्त दोन घरांत राहतो म्हणून सुरुवात तिथून कर म्हणतेय, वेसच्या भानगडीच्या गाण्यांना नंतर हात घाल. आणि हो, काफी थाट म्हटलं म्हणजे राग काफी नव्हे, भीमपलास तर नव्हेच, सूर तेच असले तरी चलन वेगळं, कुठं थांबायचं, कुठला सूर कुठून घ्यायचा, हे सगळं रागाचं स्वतःचं असतं आणि जॅझवाल्याला त्याचं काही बंधन नाही. पण तुझ्या हातात ते चलन आहे ना, म्हणून तर चौथ्या सेकंदाला लोक भजन ओळखतात. मग त्यावर उपाय काय तर ते चलन टाकू नकोस, त्याचा ठेका बदल. हे करून बघ: तुझी तीच अभंगाची ओळ घे, सूर एकही बदलू नकोस, पण सुरुवात समेवर करू नकोस, अर्धी मात्रा उशिरा ये, आणि जिथं ओळ संपते तिथं शेवटचा सूर गाळून टाक, गप्प बस. आणि मात्रेचे दोन सारखे तुकडे पाडू नकोस, तीन पाड, पहिले दोन एकत्र धर आणि तिसऱ्यावर पुढचा सूर. दादरा कानात असेल तर लगेच जमेल. मध्यम लयीत ह्यालाच स्विंग म्हणतात, लय फार वाढली की ते आपोआप सपाट होत जातं. मेट्रोनोम ५० वर लाव आणि तो वाजतो ती दुसरी आणि चौथी मात्रा समज, पहिली-तिसरी तू मनात म्हणायची. पहिले चार दिवस वैताग येईल. मग पोराला पुढं बसव आणि दोन-चारवर टाळी दे म्हण, फास्ट वाजवतो ना, बघू किती वेळ टिकतो.

आता नक्कल. हा शब्द तू असा लिहिलायस जसं काही चोरी करताना सापडलास. वेस काय करत होता माहितीये? तो विशीच्या उंबरठ्यावर होता तेव्हा त्यानं चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकल्या आणि त्याचे सोलो एकेक सूर कानानं उचलून पाठ केले, नोटेशन वाचता यायचं नाही त्याला, शेवटपर्यंत आलं नाही. सुरुवातीला स्टेजवर उभं राहून ते ख्रिश्चनचे सोलोच वाजवायचा, जसेच्या तसे. ख्रिश्चन तोवर गेला होता, १९४२ मध्ये, पंचविशीत, टीबीनं. आणि मग वेसचं ऐकून जॉर्ज बेन्सन तयार झाला, पॅट मेथेनी तयार झाला, आणि मेथेनी आज ऐकलास तर तो कुठूनही वेससारखा वाटत नाही, तरी विचारलं की पहिलं नाव वेसचंच घेतो.

आणि हे आपल्या माणसाला मी समजावून सांगावं लागतंय ह्याचीच कमाल वाटते. नाशिकमध्ये राहतोस ना. विष्णु दिगंबर पलुस्करांनी शेवटची वर्षं जिथं आश्रम काढून घालवली ते हे गाव, त्यांचा मुलगा दत्तात्रेय, डी. व्ही. पलुस्कर, १९२१ ला इथंच जन्मला. वडील गेले तेव्हा पोरगा दहा वर्षांचा, पुढं शिकला तो वडिलांच्याच शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास. म्हणजे वर्षानुवर्षं समोर बसून गुरू गातो तसं गायचं. ३४ व्या वर्षी गेले ते, आणि तेवढ्यात जे गाऊन ठेवलं ते ऐक, विनायकरावांची नक्कल वाटते का तुला? तालमीत कुणी विचारत नाही की बाळा, तुझं स्वतःचं काय. घराणं म्हणजे तरी दुसरं काय असतं रे? आपण गाण्यात हे डोळे झाकून मानतो आणि गिटार हातात आली की एकदम ओरिजिनल व्हायला निघतो.

फक्त तुझ्या नकलेत एक चूक आहे असं मला वाटतं, म्हणजे तू लिहिलं नाहीस पण "तुकडे पाठ करायला घेतले" ह्या शब्दांवरून कळतंय. तू टॅब बघून पाठ करतोयस, म्हणजे कुठल्या तारेवर कुठलं घर ते आकडे बघून बोटं ठेवायची. हो ना? ते बंद कर. वेसचा एकच सोलो घे, वेगवान नको, त्यातले फक्त पहिले चार बार (चार-चार मात्रांची चार आवर्तनं), आणि गिटारला हात न लावता ते गा. ला ला करून गा, सरगम जमत असेल तर सरगम, बाथरूममध्ये, अंबडच्या सिग्नलला, कुठंही. वेग निम्मा करून ऐक, मोबाइलवर ती सोय आहेच. आठवडाभर नुसतं गा. बरोबर त्याच्यासारखा श्वास जिथं येतो तिथं तुझा यायला लागला की मग गिटार काढ आणि शोध, कुठल्या तारेवर आहे ते तूच शोधायचं, चुकीच्या तारेवर सापडलं तरी चालेल. माझे अंकल प्रत्येक वेळी हेच, गाऊन दाखव आधी. मी लाजायचे, ते खिडकीकडे तोंड करून बसायचे म्हणजे मला गाता यावं. असं उचललेले चार बार बोटांत राहत नाहीत, आत कुठंतरी जाऊन बसतात आणि दोन वर्षांनी तुझ्या अभंगाच्या ओळीशेजारी निघतात, न सांगता. ते कसं मिसळेल ते तू ठरवू शकत नाहीस आणि मी तर नाहीच नाही.

आणि एका वेळी एकच माणूस. सहा महिने फक्त वेस. कंटाळा आला की गिटारवाला जिम हॉल ऐक हवं तर, त्यानं पियानोवाल्या बिल एव्हान्सबरोबर १९६२ ला एक रेकॉर्ड केलीय, 'अंडरकरंट', दोघंच, किती कमी वाजवावं ते कळतं. पण पाठ करायचं ते वेसचंच. आज वेस, उद्या 'जो पास' नावाचा गिटारवाला, परवा कुणी इटलीतला पोरगा रीलवर दिसला म्हणून तो, असं केलंस की कुणाचंच काही चिकटत नाही.

उलट्या दिशेनंही बघ एकदा. जॉन मॅकलॉक्लिन, यॉर्कशायरचा इंग्रज, माइल्सबरोबर वाजवलेला माणूस, तो १९७६ ला झाकिर हुसेन, व्हायोलिनवाले एल. शंकर आणि घटमवाले विनायकराम ह्यांच्याबरोबर 'शक्ती'ची रेकॉर्ड काढतो, अकूस्टिक गिटारवर, मींड नीट यावी म्हणून गिटारच्या फ्रेट्सच्या मधलं लाकूड खरवडून घेतलेलं. त्याला कुणी म्हणालं नाही की तुझ्या गिटारला साहेबाचा वास येतो. आणि आपला सी. रामचंद्र, चितळकर, पुणतांब्याचा, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठचा, इथून खाली पाणी जातं तिकडचा, त्यानं १९५१ ला 'अलबेला'त मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या चिक चॉकलेट आणि त्याच्या ताफ्याला घेऊन काय धुमाकूळ घातला. ह्या लोकांनी कुठला वास घालवला? तुझे वडील चितळकरांची गाणी गुणगुणत असतील बघ, म्हणजे त्यांच्याही कानात जॅझ सत्तर वर्षं पडून आहे, त्यांना माहिती नाही इतकंच.

बायकोचा प्रश्न. तो टोमणा आहे असं तू धरून चाललायस, मला तसं वाटत नाही. रात्री दहाला दार लावून जे वाजवतोस ते तिला ऐकायला मिळतंय का? स्केल वर-खाली, स्केल वर-खाली, तेही अर्धवट. मला कुणी रोज ते ऐकवलं तर मीही विचारीन. वीस मिनिटं रियाज कर, पण शेवटची पाच मिनिटं एक अख्खं गाणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, चुकलं तरी न थांबता, आणि ते हॉलमध्ये. तिच्या आवडीचं. सा-नी, म-ग वाल्या त्या तीन कॉर्ड तिच्या आवडत्या जुन्या गाण्यात कुठं बसतात ते शोधत बस, बसतील कुठंतरी नक्की.

पोराचं सोड रे. पंधराव्या वर्षी सगळेच फास्ट असतात.

आता ह्या रविवारी काय करायचं ते सांगते. पंचवटीत जा, गिटार घेऊन. मोबाइलच्या ट्यूनरवर लावू नकोस, पेटीशी लाव, जुनी पेटी थोडी वर-खाली असतेच आणि तिला काही आपल्याला पिळता येत नाही, गिटारला येतं. वडील कुठल्या पट्टीत गातात ते लिहिलं नाहीस, काळी एक धरून चालते. वर दिलेल्या पहिल्या दोन कॉर्ड, डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन, जशाच्या तशा एक घर मागं सरकव, मोकळी तार कुठलीच नाहीये त्यांत म्हणून काही अडचण येत नाही, आणि झाला काळी एकचा भीमपलास. ह्या दोनच. चार मात्रा ही, चार मात्रा ती, छक छक, आवाज बारीक ठेवून. त्यात ऐकशील तर तिसऱ्या तारेवर कोमल नी वरून ध वर उतरतंय, ते वडिलांना लगेच कानाला लागेल. मग त्यांना म्हण, तुमचा तो अभंग म्हणा. तू सोलो वाजवायचा नाहीस. दोन कॉर्ड, बस, फ्रेडी ग्रीन. ते भजनी ठेक्यात म्हणतील, तू दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर किंचित जोर दे आणि बघ काय होतंय. ते थांबून "हे काय चाललंय" म्हणाले तर थांब, समेवर ये, पुन्हा सुरू कर.

आणि तारा बदलताना जुन्या सहाच्या सहा एकदम काढू नकोस, एकेक काढून एकेक लाव. रविवारच्या आधी दोन दिवस लाव म्हणजे ताणून बसतील, नाहीतर अभंगाच्या मध्यात उतरायला लागतील आणि वडील सगळा दोष जॅझला देतील.